दुनळीची पारख

साताऱ्याकडच्या एका जुन्या वाड्यात माजघराच्या खुंटीवर तीन पिढ्या टांगलेल्या एका दुनळी बंदुकीची किंमत ठरविण्यासाठी काही वर्षांपूर्वी मला बोलावणे आले. मालकांच्या नावे रीतसर परवाना होता. मुले पुण्यामुंबईस स्थायिक झालेली, त्यांना बंदुकीची ओढ नव्हती. तेव्हा एखाद्या योग्य परवानाधारकास ती विकून टाकावी, असा घरात विचार चालला होता. गिऱ्हाइकावर चांगली छाप पडावी म्हणून मी पोचण्यापूर्वीच्या आठवड्यात ती तालुक्याच्या एका कारागिराकडून चाकावर घासून, नवा काळा रंग देऊन, आरशासारखी चकचकीत करून आणली होती. “आमच्या आजोबांनी ही लंडनहून मागविली होती. कागद काही नाही, पण आजींच्या तोंडून मी स्वतः ऐकले आहे,” असे वृद्ध मालक अभिमानाने म्हणाले. बंदूक माझ्या हाती देताना तिच्या लखलखाटावरून त्यांची दृष्टी जशी प्रसन्नतेने फिरली तशी माझी फिरू शकली नाही. कारण ज्या खुणांच्या आधारे मी त्यांच्या आजींच्या शब्दाला दुजोरा देऊ शकलो असतो, त्यांपैकी कितीतरी त्या चाकाने पुसून टाकल्या होत्या.

जुनी बंदूक पारखणे हे जुना कागद पारखण्यासारखे आहे. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्याच्याही आधीपासून इतिहाससंशोधक राजवाड्यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळून महाराष्ट्राला जी शोधक दृष्टी दिली, तिचा पहिला धडा हाच, की कोणताही कागद स्वतःविषयी जे सांगतो तेवढ्यावर विसंबू नये. अक्षराचे वळण, शाई, कागद, शिक्का आणि मिती या साऱ्यांची साक्ष वेगवेगळी घ्यावी आणि त्या साक्षी परस्परांशी जुळतात की नाही, हे पाहावे. बंदुकीलाही हाच न्याय लागू पडतो. तिच्यावर कोरलेले नाव, नळ्यांवरचे सरकारमान्य शिक्के, अनुक्रमांक, लोखंडाची जाडी, लाकडाचा पोत आणि पेचांच्या खाचा हे सारे स्वतंत्र साक्षीदार आहेत. ते एकमताने बोलले तर बंदूक अस्सल. त्यांच्यात विसंगती आढळली तर कोठेतरी, केव्हातरी, कोणाचातरी हात फिरला आहे, हे निश्चित. खोटा कागद फार तर इतिहासाची दिशाभूल करतो. खोटी बंदूक मात्र चालविणाऱ्याच्या हातात फुटू शकते, म्हणून येथे साक्षी तपासण्याची जबाबदारी अधिकच गंभीर आहे.

आपल्याकडच्या घरांतून आढळणाऱ्या जुन्या उत्तम दुनळ्या बहुतांशी इंग्लंडमधून आलेल्या आहेत. लंडनचे पर्डी, हॉलंड अँड हॉलंड आणि बॉस, तसेच बर्मिंगहॅमचे वेस्टली रिचर्ड्स, ग्रीनर आणि वेब्ली अँड स्कॉट यांचा माल संस्थानिकांच्या शस्त्रागारांत, इंग्रज अंमलदारांच्या छावण्यांत आणि जहागीरदारांच्या वाड्यांत पोचला होता. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात मांडलेली शस्त्रे आणि शिकारीची स्मृतिचिन्हे पाहिली म्हणजे त्या काळच्या दरबारी जीवनात बंदुकीला कोणते स्थान होते, याची कल्पना येते. हॉलंड अँड हॉलंडच्या ‘पॅराडॉक्स’ बंदुकीच्या नळीला फक्त तोंडाजवळच्या थोड्या इंचांत आटे पाडलेले असत, त्यामुळे एकाच नळीतून छर्रा आणि गोळी दोन्ही चालविता येत. कर्नल फॉसबेरी यांच्या १८८५ च्या पेटंटावर आधारलेला हा प्रकार हिंदुस्थानच्या जंगलांत विशेष लोकप्रिय झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे ते युग संपुष्टात आणले, आणि ते योग्यच झाले. परंतु त्या युगातील कारागिरीचे मोल त्यामुळे कमी होत नाही, उलट ती वस्तू आता केवळ कारागिरी आणि इतिहास म्हणूनच पारखावी लागते.

पारखीचा पहिला नियम सुरक्षिततेचा आहे: बंदूक हाती घेताच ती उघडावी आणि दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करावी, मग ती देणारा मनुष्य कितीही विश्वासू असो. दुसरा नियम असा, की दोन नळ्यांमधल्या पट्टीवर कोरलेले नाव शेवटी वाचावे. ते सर्वांत ठळक असते आणि म्हणूनच सर्वांत कमी भरवशाचे असते. कलकत्त्याची मँटन किंवा रॉडा यांच्यासारखी विख्यात दुकाने इंग्लंडमध्ये घडविलेल्या बंदुका आपल्या नावाने विकत; हा त्या काळचा उघड आणि प्रामाणिक व्यापारी रिवाज होता, पण त्यामुळे नाव विक्रेत्याचे आणि हात दुसऱ्याच कारागिराचा, अशी स्थिती असते. याहून वेगळा प्रकार बेल्जियममधील लिएज शहरातल्या स्वस्त मालाचा. त्यांतील काही बंदुकांवर ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ असे नाव आढळते. घाईने वाचणाऱ्यास ते वेस्टली रिचर्ड्सच वाटावे. अशा बंदुका अमेरिकेच्या बाजारात मोठ्या प्रमाणावर खपल्या. पण त्याच बंदुकीच्या नळ्या काढून बुडाकडे पाहिले, तर लंबवर्तुळात ‘ई एल जी’ ही अक्षरे असलेला लिएजच्या परीक्षागृहाचा शिक्का स्पष्ट दिसतो आणि पट्टीवरच्या नावाची सारी ऐट एका क्षणात उतरते.

हे शिक्के म्हणजे या दप्तरातील सर्वांत विश्वसनीय दाखले. इंग्लंडमध्ये प्रत्येक नळी विकण्यापूर्वी परीक्षागृहात नेहमीपेक्षा बरीच अधिक दारू भरून उडविली जाई, आणि त्या कसोटीस उतरलेल्या नळीवरच शिक्का मारला जाई. लंडनच्या बंदूक-कारागिरांच्या संघास १६३७ साली राजसनद मिळाली होती; बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ साली कायद्याने स्थापन झाले. दोन्हींचे शिक्के वेगळे: लंडनच्या शिक्क्यांत मुकुटाखाली परस्परांत गुंफलेली ‘जी पी’ ही अक्षरे, तर बर्मिंगहॅमच्या शिक्क्यांत १९०४ नंतर मुकुटाखाली ‘बी पी’ ही अक्षरे दिसतात. शिक्क्यांच्या स्वरूपावरून काळही ठरविता येतो. ‘नॉट फॉर बॉल’, म्हणजे गोळीसाठी नाही, असा मजकूर असेल तर नळी १८७५ ते १८८७ या काळातील समजावी. १९२१ पासून बर्मिंगहॅममध्ये तपासनिसाच्या एका छोट्या खुणेत वर्षदर्शक अक्षर येऊ लागले. १९५४ च्या नियमांनंतर नळीचा व्यास दशांश इंचांत आणि दाब टनांत लिहिला जाऊ लागला. यांपैकी सर्वांत महत्त्वाचा शिक्का ‘एन पी’ हा होय. तो मुकुटाखाली किंवा तलवार धरलेल्या हाताखाली असतो आणि नळी धूरविरहित आधुनिक दारूने तपासली आहे, असे सांगतो. हा शिक्का नसलेली नळी काळ्या दारूच्या जमान्यातील असण्याचा संभव असतो, आणि आजचे काडतूस तिच्यात घालणे म्हणजे जाणूनबुजून संकट ओढवून घेणे होय.

नळीच्या मापाविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. ‘बारा बोर’ याचा अर्थ असा, की एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती नळी. इंचांत हे माप ०.७२९ येते. जुन्या शिक्क्यांत कधी ‘१३’ च्या खाली ‘१’ असे लिहिलेले आढळते, ते ०.७१९ इंचाचे माप होय. एखाद्या नळीवर ०.७२९ चे माप कोरलेले असताना मोजमापात ती ०.७४० पेक्षा जास्त रुंद निघाली, तर गंज घालविण्यासाठी कोणीतरी तिचा आतला भाग खरवडला आहे आणि ती मूळ कसोटीच्या बाहेर गेली आहे, असा निष्कर्ष निघतो. आतून खरवडले म्हणजे भिंत पातळ होते. सर्वसाधारण जाणकार २० सहस्रांश इंचापेक्षा पातळ भिंत धोक्याची मानतात. ती मोजण्यासाठी खास मापक असते, आणि केवळ डोळ्यांवर विसंबून या बाबतीत कोणीही मत देऊ नये. नळ्यांतून उजेडाकडे पाहिले असता आतील प्रकाशवलये समान दिसली पाहिजेत. एखादे वलय वाकडे दिसले तर तेथे खळगा किंवा फुगवटा आहे. नळ्या वेगळ्या करून खालच्या आकड्यास बोट अडकवून टांगल्या आणि हलकेच टिचकी मारली, तर घंटेसारखा स्वच्छ नाद यावा. बद्द आवाज आला तर दोन नळ्यांना जोडणाऱ्या पट्टीचे डाख सुटले आहे, असे समजावे.

नळ्या कापून आखूड केल्या आहेत का, हेही पाहावे लागते. मूळ दुनळीची दोन्ही तोंडे एकमेकांस जवळजवळ भिडलेली असतात, कारण नळ्या पुढे जाताना किंचित जवळ येत जातात. कापलेल्या बंदुकीत दोन्ही तोंडांमध्ये फट राहते आणि ती डाखाने बुजविलेली दिसते. नळीच्या तोंडाशी असणारे सूक्ष्म आकुंचन, ज्याला चोक म्हणतात, तेही कापताना निघून जाते, आणि छर्ऱ्यांचा फैलाव मूळ कारागिराने योजलेला उरत नाही. काही बंदुकांत जुन्या नळ्यांचे बूड ठेवून पुढे नव्या पोलादी नळ्या बसविलेल्या असतात. हे काम रीतसर झाले असेल तर त्यावर ‘स्लीव्ह्ड’ असे लिहिलेले असते. अशी बंदूक वापरास उत्तम असू शकते, पण अस्सलपणाच्या मोजणीत ती खालच्या पायरीवर बसते, आणि ते सांगून विकणे हाच प्रामाणिकपणा.

दमास्कस नळ्यांबद्दल लोकांत दोन परस्परविरुद्ध गैरसमज आहेत. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, गजाभोवती गुंडाळून, तापवून आणि ठोकून एकजीव केलेल्या या नळ्यांवर आम्लाने सुंदर लहरदार नक्षी उमटते. काहींना ती पाहताच बंदूक फार मौल्यवान वाटते, तर काहींना ती पाहताच निकामी वाटते. दोन्ही मते उतावीळ आहेत. जुन्या फौलादी तलवारींवर दिसणाऱ्या लाटांशी या नक्षीचे नाते केवळ दिसण्यापुरते आहे. तिची घडण निराळी. आणि ज्या दमास्कस नळ्यांवर आधुनिक दारूच्या कसोटीचा शिक्का आहे, ज्यांची भिंत शाबूत आहे, त्यांना केवळ नावाखातर टाकून देणे हा अन्याय आहे. मात्र साध्या पोलादावर रंगाने उमटविलेली खोटी नक्षीही बाजारात असे, म्हणून नक्षीपेक्षा शिक्क्याला अधिक मान द्यावा.

यंत्राच्या बाबतीत दोन प्रमुख घराणी ध्यानात ठेवावीत. १८७५ साली वेस्टली रिचर्ड्स येथील अँसन आणि डीली यांनी साधी, भक्कम अशी बॉक्सलॉक रचना आणली, जिच्यात सारे यंत्र एकाच पेटीत सामावलेले असते. साइडलॉक बंदुकीत यंत्र दोन्ही बाजूंच्या पातळ पट्ट्यांवर बसविलेले असते. पर्डीची प्रसिद्ध रचना फ्रेडरिक बीझ्ली यांच्या १८८० च्या पेटंटावर आधारलेली आहे. सामान्यतः उत्तम साइडलॉकचे मोल अधिक, पण चांगल्या घराण्याची अस्पर्श बॉक्सलॉक ही बिघडलेल्या साइडलॉकपेक्षा पुष्कळ श्रेष्ठ. झीज पाहण्यासाठी उघडण्याची कळ कोठे थांबते, ते पाहावे: नव्या बंदुकीत ती मध्यापासून किंचित उजवीकडे असते आणि झिजत गेली म्हणजे डावीकडे सरकते. नळ्यांखालचे लाकूड काढून, दस्ता घट्ट धरून नळ्या हलवून पाहाव्यात. ते लाकूड तसेच ठेवून पाहिले तर त्याचा दाब ढिलाई झाकून टाकतो. नळ्या आणि यंत्राचा सपाट भाग यांच्यामध्ये उजेडाची रेघ दिसली तर बंदूक सैल झाली आहे. कुशल हाताने ती पुन्हा घट्ट करता येते. पण एखाद्याने केवळ आकडा हातोडीने ठोकून फुगविला असेल, तर तो उपाय थोड्याच बारांपुरता टिकतो.

यानंतर पृष्ठभाग. ज्या ठिकाणी अनाडी हात फिरतो तेथे पेचांच्या खाचा प्रथम बोलतात: उत्तम कारागीर खाचा एका रेषेत आणून ठेवतो, आणि त्यांच्या कडा फाटलेल्या असतील तर बंदूक अयोग्य हत्याराने उघडली गेली आहे. कोरीव कामाच्या कडा बोथट, अक्षरे उथळ आणि पेचांभोवती खळगे असतील तर चाकावर घासणी झाली आहे. गंजाच्या खड्ड्यांतही काळा रंग पोचला असेल तर तो रंग नंतरचा. येथे एक महत्त्वाचा भेद आहे. गंज चढवून, घासून, पुन्हा चढवून नळी काळी करण्याची जुनी पद्धत संयमाची आणि योग्य आहे. उकळत्या क्षारांच्या कढईत नळ्या बुडविण्याची झटपट पद्धत मात्र पट्टीचे मृदू डाख आतून खाऊन टाकते, आणि वरून सुंदर दिसणाऱ्या नळ्या काही दिवसांनी सुटू लागतात. लाकूड मूळचे असेल तर ते लोखंडाच्या किंचित वर असते. घासून खाली गेलेले लाकूड नंतरच्या सफाईची खूण. यंत्रामागच्या लाकडाचा भाग तेलाने काळवंडून मऊ झाला आहे का, तेथे केसासारखी चीर आहे का, हेही पाहावे. हाताच्या स्पर्शाने गुळगुळीत झालेली जाळीदार नक्षी ही आयुष्याची प्रामाणिक निशाणी आहे. ती पुन्हा कोरून टोकदार केली म्हणजे वय झाकले जाते, पण किंमत वाढत नाही.

शेवटी अनुक्रमांक. तो चापाच्या कड्याच्या शेपटीवर, यंत्रावर, नळ्यांवर आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडी भागावर असा अनेक जागी असतो; सर्वत्र एकच असेल तर सारे अवयव एका जन्माचे आहेत, हे सिद्ध होते. पर्डीसारख्या जुन्या घराण्यांनी आपल्या नोंदवह्या जपल्या आहेत, आणि क्रमांकावरून मूळ नळ्यांची लांबी, बनविल्याचे वर्ष, कधीकधी पहिला धनीही कळतो. जोडीच्या बंदुकांवर सोन्यात ‘१’ आणि ‘२’ जडविलेले असतात. ताटातूट झालेल्या जोडीतील एकटी बंदूक पूर्ण किंमत आणीत नाही. पेटीचेही तसेच: पर्डी १८८० च्या दशकाच्या प्रारंभी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून साउथ ऑडली स्ट्रीटवर गेले, तेव्हा १९२० च्या बंदुकीच्या पेटीत ऑक्सफर्ड स्ट्रीटचा पत्ता असेल तर ती पेटी दुसऱ्या कोणाची तरी आहे.

आपल्या देशात अनुक्रमांकाला इतिहासापलीकडचेही महत्त्व आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, आणि निर्मात्याचे नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण नसलेले, अथवा ती खूण खरडून काढलेले शस्त्र विकणे हा अपराध आहे. म्हणजे चाकावर घासताना क्रमांक पुसला गेला, तर नुसती किंमत जात नाही, मालकावर बालंट येते. खाजगी विक्रीपूर्वी जिल्हा दंडाधिकारी किंवा ठाणे यांस लेखी कळवावे लागते. परवानाधारक वारला तर वारसांनी बंदूक घरात तशीच न ठेवता ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून मगच आपली तजवीज करावी. खरेदीदारही परवानाधारकच असावा लागत असल्याने येथला बाजार लहान आहे, आणि लंडनच्या लिलावातील आकडे येथे लावणे चूक ठरते. वापराचा विचारही करावा: जुन्या इंग्रजी दुनळ्यांचा काडतुसाचा कप्पा अनेकदा अडीच इंचांचा असतो, तर आजची बरीच काडतुसे ७० मिलिमीटर लांबीची असतात, म्हणून खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे असो वा अन्य कोणाचे, काडतूस घालण्यापूर्वी कप्पा मोजून घेतलाच पाहिजे.

आता पुन्हा त्या वाड्यात. नळ्या काढल्या तेव्हा दिसले, की बुडाच्या सपाट भागापर्यंत कारागिराचे चाक पोचले नव्हते. तेथे बर्मिंगहॅमचे मुकुटांकित शिक्के, आधुनिक दारूच्या कसोटीची खूण आणि दोन महायुद्धांमधल्या काळातील एक वर्षदर्शक अक्षर जसेच्या तसे होते. क्रमांक चारही जागी जुळत होता. नळ्या टांगून टिचकी मारली, तेव्हा नाद स्वच्छ आला. म्हणजे उकळत्या कढईतून त्या सुदैवाने वाचल्या होत्या. वरच्या पट्टीवरचे कलकत्त्याच्या विक्रेत्याचे नाव मात्र घासणीने अर्धे विरले होते, यंत्रावरचे मूळ रंग गेले होते, आणि मालकांच्या अपेक्षेतून बरीच रक्कम त्या एका आठवड्याच्या हौसेने वजा केली होती. ती मूळची उत्तम बॉक्सलॉक होती, लंडनची नव्हती.

हे मी सांगितले तेव्हा वृद्ध मालकांचा चेहरा उतरला. “म्हणजे आमच्या आजी खोटे बोलल्या?” त्यांनी विचारले. मी त्यांना विचारले, आजींनी नेमका कोणता शब्द वापरला होता, ते आठवते का? ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग हळूच म्हणाले, “विलायतेहून. त्या विलायतेहून म्हणत. लंडन आम्ही मुले पुढे म्हणायला लागलो.” विलायतेहून, आणि ते अक्षरशः खरे होते: शिक्क्यांची आणि आजींची साक्ष एकच निघाली. त्या दिवशी बंदूक विकली गेली नाही. मालकांनी नळ्यांच्या बुडाशी असलेल्या प्रत्येक खुणेचे चित्र एका कागदावर काढून घेतले, शेजारी आजींचा तो शब्द लिहिला, आणि तो कागद परवान्याच्या घडीत ठेवून दिला.